हलू नका, कोंडीदादा

येसाजीच्या टीव्हीत मुंग्या आल्या, तेव्हा कोंडीराम ओटीवर मानाच्या खुर्चीत बसला होता. अंगात वीस वर्षांपूर्वीचं चंदेरी जाकीट. ते पोटावर मिटेना, म्हणून त्याच्या बायकोने, गंगाबाईने, पाठीवर उसवून मध्ये उशीच्या अभ्र्याचा पट्टा जोडला होता. समोरून बघावं तर रॉक अँड रोल, मागून बघावं तर उशी. म्हणून कोंडीराम दुपारपासून कुणाला पाठ दाखवत नव्हता.

एरवी तो कशेळ्याच्या भाताच्या गिरणीवरचा माणूस. दिवसभर अंगावर कोंडा उडायचा, भुवया पिकल्यागत दिसायच्या. पण सत्तावन्न-अठ्ठावन्न साली हाच कोंडीराम मुंबईत ‘कॉनी’ होता. परळच्या गणपतीत कॉनी स्टेजवर आला की मंडप डोलायचा म्हणतात. पाय असे चालायचे, जशी तव्यावर टाकलेली लाही. आणि शेवटच्या गाण्याला तो पळत येऊन गुडघ्यांवर बसायचा आणि स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घसरत जायचा. पुढे हवा बदलली, बँड मोडला, आणि कॉनी एक ट्रंक घेऊन गावी परतला. ट्रंकेत जाकीट होतं आणि एक पोस्टर होतं.

गंगाबाई त्याच्या घरात आली ती त्यानंतर. तिने कॉनीला कधी पाहिलंच नव्हतं. ते पोस्टर तिने फळीवर अंथरलं आणि त्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवल्या. कोंडीराम कधी जुन्या गोष्टी सांगायला लागला, की ती चुलीतलं लाकूड पुढे सारत म्हणायची, “गिरणीच्या पट्ट्यापाशी उबं ऱ्हाऊन ऱ्हाऊन मान्साला असं वाटतं कदी कदी.” रागाने नाही म्हणायची, समजुतीने म्हणायची. तेच त्याला जास्त लागायचं.

आणि एके दिवशी मुंबईच्या टीव्हीवाल्यांना कॉनीची जुनी तबकडी कुठेतरी सापडली. त्यांनी त्याला शोधत माणूस धाडला, स्टुडिओत नेलं, वादक दिले, अर्धा तास गाऊन घेतलं. गंगाबाई गेली नाही, कारण शेळी व्यायला झाली होती. समोर बसवलेली मंडळी झगझगीत दिव्यांत अशी बसली, जशी लग्नाच्या फोटोला बसलीत. एका हाताने दुसऱ्या हाताला भेट म्हणून दिली नाही.

तिथेच सगळं अडलं. कारण एक रेकॉर्ड कंपनी त्याच कार्यक्रमाची तबकडी काढायला निघाली होती, आणि भर मैफलीतली तबकडी म्हणून विकायची तर तिच्यात टाळ्या नकोत? त्यावर कंपनीच्या साहेबाने तोड काढली. कार्यक्रम टीव्हीवर लागेल त्या दिवशी कॉनीच्या गावातच जायचं, लोक बघत असताना त्यांच्या टाळ्या टेपवर घ्यायच्या आणि गाण्यांना जोडायच्या. टाळ्या जमल्या तर तबकडी निघेल. नाही जमल्या तर टेप कपाटात, आणि कॉनी परत कोंड्यात.

कोंडीरामला तबकडी हवी होती, नाही असं नाही. पण त्याहून त्याला आणखी एक गोष्ट हवी होती. आज गंगाबाईने त्याला एकदा, नुसतं एकदा, बघावं.

तर असं सगळं गाव येसाजीच्या ओटीवर जमलं होतं. येसाजीचा मुलगा रसायनीच्या कारखान्यात, त्याने बापाला टीव्ही घेऊन दिलेला. गावात दुसरा नव्हता. साहेब टेपचं यंत्र मांडून सगळ्यांना शिकवत होता, की गाणं संपलं की मी रुमाल हलवीन, मग टाळ्या. पण साहेबाला सर्दी झाली होती. त्याने नाक पुसायला रुमाल काढला की येसाजीची आई ठकूबाई जोरजोरात टाळ्या वाजवायची, आणि तिचा मान राखायला बाकीचे.

आणि नेमक्या वेळी पडद्यावर मुंग्या.

कशेळ्याला यात नवल नव्हतं. मुंबई आणि कशेळं यांच्यामध्ये माथेरानचा डोंगर आडवा बसलाय, त्याला वळसा घालून चित्र यायचं म्हणजे सासुरवाशिणीने माहेरी यायचं. आलं तर आलं. कुणीतरी छपरावर चढून अँटेना फिरवायचा, खालून बाकीच्यांनी “आलं, गेलं, आलं” करायचं, ही रीतच होती. आज येसाजी चढून उतरला. गिरणीवरचा जोडीदार पदू चढून उतरला. मुंग्या हलेनात. शेवटी कोंडीराम उठला, उशी झाकत शिडी चढला, आढ्यावर एक गुडघा टेकवला आणि डाव्या हाताने अँटेनाचा पाइप धरला.

खालून एकच गलका झाला. “आलं, आलं. लख्ख आलं.”

कोंडीरामने हात सोडला. “गेलं.” धरला. “आलं.”

एखादी गाय एकाच हाताला पान्हा सोडते, तसं त्या अँटेनाचं झालं. त्याच्या जागी पदूला उभं केलं, मुंग्या. पाइपाला लोखंडी घमेलं बांधलं, मुंग्या. गंगाबाईच्या घरचा तांब्याचा हंडा वर नेला, तर मुंग्यांत एक काळा पट्टा आणखी वाढला. कोंडीरामने हात लावला की मात्र बाई निवेदन करताना स्वच्छ दिसायची, कानातल्या कुड्यांसकट.

“कोंडीदादा, पाच मिन्टं धरा,” खालून येसाजी म्हणाला. “तवर आमी कायतरी बगतो.”

पाच मिनिटांत कार्यक्रमच सुरू झाला. आता खाली कोण उतरू देणार? सगळं गाव कॉनीला बघत होतं, आणि एकटा कॉनी माथेरानच्या डोंगराला बघत होता. पदू शिडीच्या मधल्या पायरीवर, खिडकीतून पडदा दिसेल असा उभा राहिला आणि वर बातम्या देऊ लागला.

“कसा दिसतोय रं?” कोंडीरामने विचारलं.

“गोरं दिसताय.”

“आनि गंगा? ती बगतेय ना?”

पदूने आत न बघताच सांगितलं, “बायांच्यात बसलीय. डोळं पडद्याला लावून.”

कोंडीरामच्या मनात लाडू फुटला. खाली पहिलं गाणं सुरू झालं, त्याचं जुनं, नावाजलेलं:

इंजिनाला आली घेरी, घाट चढंना,
मनाचा गं माझ्या डबा रुळावर ऱ्हाईना.

आपलंच गाणं, आपलाच ठेका. कोंडीरामचा अंगठा हलला, मग टाच हलली, मग टाचेने गुडघ्याला सांगितलं आणि गुडघ्याने कमरेला. खाली लगेच मुंग्या.

“हलू नका, कोंडीदादा.”

ज्याला परळमध्ये कुणी कधी स्थिर पाहिलं नव्हतं, तो माणूस स्वतःच्या गाण्याला पुतळ्यासारखा उभा राहिला. ओठ दातांत धरले, कंबर आवळली, बुटांची टोकं कौलांत रुतवली. घाम फुटला. गाणं संपलं, साहेबाने रुमाल हलवला, बऱ्यापैकी टाळ्या पडल्या. साहेबाचा चेहरा जरा उजळला.

दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर टीव्हीचा घसा बसला. चित्र जागेवर, आवाज नाहीसा. येसाजीने त्याच्या कुशीत दोन गुद्दे घातले, मग कानाखाली घातली, पण तो मुका तो मुकाच. पडद्यावर कॉनी तोंड उघडत होता, मिटत होता, पाण्यातल्या मळ्या माशासारखा. लोक आधी हसले, मग बोलायला लागले, कुणाचं भात सडायचं राहिलं होतं ते आठवलं. साहेबाने रुमाल हलवला. एकट्या ठकूबाईने टाळ्या वाजवल्या.

पदूने वर बातमी दिली. साहेब यंत्र गुंडाळायला लागलाय, हेही सांगितलं.

कोंडीरामने पाइप आणखी घट्ट धरला. तबकडी कपाटात जाईल ते जाईल. पण गंगाबाईने त्याला पाहिलं ते मुकं, माशासारखं? आता जन्मभर ती समजुतीने बोलणार.

“पदू,” तो म्हणाला, “माजं तोंड कदी उगडतंय ते सांग.”

“आता उगडलं.”

आणि कोंडीराम आढ्यावरून गायला लागला. दिवेलागणीची वेळ, थंडीची हवा, आवाज सगळ्या कशेळ्यावर पसरला. वीस वर्षं गिरणीच्या इंजिनाच्या धडधडीवरून बोलून बोलून तो आवाज असा मोकळा झाला होता, की डोंगराने अर्धी ओळ परत पाठवली. आत लोकांनी पडद्याकडे बघितलं, छपराकडे कान लावले, आणि मासा पुन्हा माणूस झाला. फक्त जमत नव्हतं एवढंच. पडद्यावरचा कॉनी पुढे गेला की पदू म्हणायचा, “बिगी बिगी, तुमी कडव्यानं मागं हाव.” मग वरचा कॉनी असा धावायचा, की खालच्याला मागे टाकायचा. एकदा पडद्यावरचा वाकून नमस्कार करत होता आणि छपरावरचा अजून दुसऱ्या कडव्यात होता. हसून हसून लोकांचे डोळे गळायला लागले. साहेबाने गुंडाळलेलं यंत्र पुन्हा उलगडलं.

शेवटचं गाणं परत घेरीचंच होतं. पहिल्या कडव्याला कोंडीराम हलला नाही. दुसऱ्या कडव्याला टाच हलली. कुणीतरी “हलू नका” म्हणालं, पण ते म्हणणाराच उठून अंगणात आला होता. तिसऱ्या कडव्याला कोंडीरामने अँटेना सोडला.

खाली मुंग्यांचं वारूळ फुटलं, पण बघायला आत कोण होतं? एकटी ठकूबाई. ती म्हणाली मला हितंच बरं दिसतंय. बाकीचं गाव अंगणात माना वर करून उभं, आणि आढ्यावर चंदेरी जाकीट, लाही, भोवरा, वीज. कमरेच्या दर झटक्याला एक कौल कडाड्कन जायचं, आणि प्रत्येक कौलामागे येसाजी ओरडायचा, “माजी कौलं.” तेही कसं, तर अचूक समेवर. साहेबाने आंबे उतरवायच्या काठीला माइक बांधून छपराकडे उंच केला होता, आणि नाक पुसायलाही तो रुमाल काढत नव्हता.

मग गाण्याचा शेवट आला, आणि शरीराला जुनी सवय आठवली. कोंडीराम आढ्यावर पळत आला, वळला, गुडघ्यांवर बसला आणि घसरला. परळचं स्टेज सपाट होतं. येसाजीचं छप्पर उतरतं. कॉनी निघाला तो थांबेचना. कौलांची रांग खडखडवत, उशीचा अभ्रा फडफडवत तो वळचणीवरून सुटला आणि अंगणातल्या पेंढ्याच्या उडवीत शिरला. वर फक्त बूट राहिले.

साहेबाने माइकची काठी उडवीकडे वळवली. सगळं शांत झालं. मग टाळ्या सुरू झाल्या, आणि त्या कुणी रुमालाने सुरू केल्या नव्हत्या.

तबकडी दोन महिन्यांनी निघाली. कर्जतच्या लाउडस्पीकरवाल्याने यंत्र आणलं आणि ती येसाजीच्या ओटीवरच लावली. येसाजी आधी तोंड फिरवून बसला होता, कारण नवी कौलं त्यानेच घातली होती. पण वेष्टनावर वादकांच्या खाली ‘कौले: येसाजी’ असं छापलेलं पदूने वाचून दाखवलं, तेव्हा त्याने ते स्वतः हातात घेतलं आणि नंतर कुणाला दिलं नाही. मुंबईत म्हणे त्या वाद्याचं फार कौतुक झालं.

गाणं सरलं. घसरण्याची खडखड झाली, पेंढ्याचा धप्प आवाज झाला, आणि टाळ्यांच्या आधीच्या शांततेत एक बायकी आवाज आला, अगदी माइकजवळून, स्वच्छ:

“हाडं शाबूत आसली तर पुन्यांदा म्हना.”

ओटीवर सगळ्यांनी गंगाबाईकडे बघितलं. तिने पदर तोंडावर घेतला.

घरी परतताना अंधारात कोंडीराम हळूच म्हणाला, “गंगे, एक इचारू? मी तर काय बगितलंच नाय. टीव्हीत कसा दिसत व्हतो मी?”

“मला काय ठावं.”

“आगं, तू बायांच्यात बसली व्हतीस ना? पदू म्हनला.”

“पदूला काय दिसतंय. तुमी शिडी चढलात आनि मी भायेर आले. म्हटलं, उडवीपाशी कुनी तरी उबं पायजे.” ती दोन पावलं गेली, मग थांबली. “पेंढा मीच वडून फुडं घेतला व्हता. घसरनार तुमी, ते पोस्टरात काढलंय की.”

दुसऱ्या दिवशी फळीवर बरण्यांखाली वर्तमानपत्र होतं.