चिरंजीवांचं पहिलं बक्षीस

वजनमापं तपासणाऱ्या निरीक्षकांच्या घरी दुधावरची साय कुत्र्याला मिळायची आणि निरीक्षक कोरा चहा प्यायचे. कुत्र्याचं नाव चिरंजीव. निरीक्षकांच्या पत्नीला सगळी इमारत काकू म्हणायची. लेक नोकरीसाठी दूर गेली, त्याच सुमारास हे पिल्लू घरात आलं, आणि काकूंनी थेट स्वेटर विणायला घेतला. रात्री त्या त्याला थोपटून झोपवत. निरीक्षक मात्र त्याला 'ते कुत्रं' म्हणत. जे आहे ते तेच म्हणावं, मापात खोट नको, असं त्यांचं म्हणणं.

इमारतीत मुलांची वेशभूषा स्पर्धा जाहीर झाली. काकूंनी नव्यानेच राहायला आलेल्या, स्पर्धेची नावं टिपून घेणाऱ्या चिटणीसांना फोन करून सांगितलं, की आमचे चिरंजीव पोस्टमन होणार आहेत. त्यांनी वय विचारलं. काकू म्हणाल्या, तीन पूर्ण. त्यात खोटं काहीच नव्हतं.

काकूंनी खाकी गणवेश शिवला, टोपी केली, गळ्यात अडकवायला पिशवीही केली. निरीक्षकांनी हात जोडून सांगून पाहिलं, की इमारतीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. शेवटी पट्टा धरायला म्हणून तेच पडद्यामागे उभे राहिले. शेजारी होता समोरच्या आजींचा नातू, दरवर्षीचा विजेता, यंदा राजा. त्याच्या दाढीच्या डिंकाचा वास चिरंजीवांच्या नाकात गेला आणि त्यांना शिंकांवर शिंका आल्या. त्या झटापटीत टोपी पायाखाली गेली, गणवेश टराटरा फाटला. नेमका तेव्हाच 'चिरंजीव, वय तीन' असा पुकारा झाला, आणि पट्टा निरीक्षकांच्या हातून सुटला.

चिरंजीव जन्माला आले तसे रंगमंचावर गेले. मधोमध बसून कान खाजवला, ध्वनिक्षेपकावर भुंकले, आणि जाता जाता कोपऱ्यातल्या कुंडीपाशी एक पाय वर केला.

परीक्षक होते नाटकांचे एक वयोवृद्ध दिग्दर्शक. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डोळ्यांवर काळा चष्मा. ते खुर्चीत ताठ बसले. हयात नाटकात गेली, पण एवढ्या लहान वयात भूमिकेत इतकं शिरलेलं मूल पाहिलं नव्हतं, असं म्हणत त्यांनी पहिलं बक्षीस जाहीर केलं.

समोरच्या आजी उठल्या. "अहो, तो कुत्राच आहे."

"बाई, तुम्हालासुद्धा तसं वाटलं ना?" परीक्षक गहिवरून म्हणाले. "म्हणूनच पहिलं बक्षीस."

सभागृहात हशा पिकला. काकू मात्र हसल्या नाहीत. पदराच्या टोकाशी चाळा करत त्या खाली मान घालून बसल्या होत्या. हसं कोणाचं होतंय, हे त्यांना कळत होतं. पडद्याच्या फटीतून निरीक्षकांना ती खाली गेलेली मान दिसली.

ते बाहेर आले. कुंडी हुंगत असलेल्या चिरंजीवांना त्यांनी दोन्ही हातांनी उचलून कडेवर घेतलं आणि करंडक घ्यायला पुढे झाले. हशा थांबला.

परीक्षकांनी काळ्या चष्म्यातून अंदाजाने त्यांच्याकडे पाहिलं. "आपण मुलाचे कोण?"

दुकानदारांना घाम फोडणाऱ्या आवाजात, एकेक अक्षर तोलून निरीक्षक म्हणाले, "वडील."