अंबाक्का आणि राणीचा शालू

अंबाक्काच्या घरी कुणी रिकाम्या हातानं बसत नाही. बसूच शकत नाही. पाहुणा खुर्चीला टेकायच्या आत त्याच्या मांडीवर मण्यांची ताटली येते आणि बोटांत तंगुसाच्या दोऱ्याचा तुकडा. गॅसचा सिलिंडर आणणाऱ्यानं तिच्याकडं अर्धं कमळ विणून ठेवलंय. विम्याचा एजंट विमा विकायला गेला आणि मण्यांचा मासा घेऊन परतला. विमा राहिला तो राहिलाच. मी तिचा शेजारी, बँकेतून रिटायर झालेला. एकदा तिचा डबा परत करायला गेलो आणि अडकलो. ज्याच्या सहीवाचून बँकेत पान हलत नव्हतं, त्या माणसाला तिनं पोपटाच्या चोचीसाठी रडकुंडीला आणलं.

"सुम्ने काय बसलायस, मॅनेजरा?" सुम्ने म्हणजे उगीच. पिढ्यान् पिढ्या म्हैसुरात काढल्यावर आमच्या मराठीत कानडी अशी मुरलीय. "नोडु, हे बघ, चार मणी ओव. चौथ्यातनं दुसरं टोक उलटं घाल. ओढ. अष्टे!"

अष्टे, एवढंच. तिचं एवढंच दिवेलागणीपर्यंत चालतं. पण ओढल्याबरोबर ते चार मणी टपकन जवळ येऊन बसतात ना, तेव्हा होणारा आनंद मला बढतीच्या वेळीही झाला नव्हता. नवशिक्याच्या पहिल्या चौकड्याला अंबाक्का टाळी वाजवते. पुढं मणी चुकला की तितक्याच आनंदानं म्हणते, "उसव!" डोळ्यांनी बघतही नाही, नुसता अंगठा फिरवते.

तिची लाडकी शिष्या समोरच्या घरातली सिंधू. तिचं लग्न ठरलं, कृष्णराजनगरला. आमच्याकडं मुलीला लग्नात लाकडी राजाराणीच्या बाहुल्यांची जोडी देतात, दरसाल दसऱ्याला मांडायला. सिंधूनं हट्टच धरला, राणीचा शालू मण्यांचा आणि तोही मीच करणार. रोज चारला ती अंबाक्काकडं हजर. शालू काठापर्यंत यायचा आणि अंबाक्काचा अंगठा थांबायचा.

"इथं चुकलंय. उसव."

लग्न आठवड्यावर आलं तरी राणी उघडीच! सिंधूच्या आईचा धीर सुटला. मला म्हणाली, "भाऊजी, तुमी तरी सांगा की अक्काला. राणीला अशीच पाठवू का सासरी?"

मी गेलो. मोजण्यात माझा हात कुणी धरलेला नाही. शालूची ओळन् ओळ तपासली.

"अक्का, ह्यात चूक कुठंय?"

ती ताटलीतले मणी निवडत राहिली.

"चूक नाही रे. हुशार आहे पोर." मग हळूच म्हणाली, "पुरा झाला की ती कशाला येईल माझ्याकडं?"

नवरा गेल्यापासून घरात ती एकटीच. इतकी वर्षं शेजारी राहून हे माझ्या ध्यानात येऊ नये, याचं मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्याच दिवशी तिनं सिंधूकडून शेवटची गाठ मारून घेतली. राणी नटली, लग्न थाटात झालं. पाठवणीला सगळी गल्ली रडली, अंबाक्का मात्र ताठ उभी.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी चारला बघतो तर ओसरीवर ताटली घेऊन एकटीच बसलेली. मी चपला पायात सरकवल्या आणि गेलो.

"अक्का, मला हत्ती शिकायचाय. अंबारीसकट."

"अय्यो, वर्ष जाईल रे त्यात!"

"जाऊ दे. आणि मी भरपूर चुकणार आहे, आत्ताच सांगून ठेवतो."

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. रीळ घेतलं आणि तंगूस कापला, तो नेहमीपेक्षा चांगला हातभर लांब.