कोपर पाहणारे वैरागडेजी

वैरागडेजी माणसाला तोंडावरून ओळखत नसत, कोपरावरून ओळखत. रस्त्यात भेट झाली की आपण नमस्काराला हात उचलावा, तर तो हात ते अर्ध्या वाटेतच पकडायचे. बाही वर सरकवायची, कोपराच्या टोकावरून अंगठा फिरवायचा आणि मग नखाने हातावर एक हलकी रेघ ओढायची. रेघ पांढरी उमटली की त्यांच्या चेहऱ्यावर असा शोक पसरायचा, जणू ते आपल्या घरी सांत्वनालाच आले आहेत.

"देशकरजी, तुमी आतून सुकून राहिले जी! तेल कोनतं खाता?"

मी तेव्हा एका कचेरीत हेडक्लार्क होतो. माझ्याबद्दल साहेबांची अनेक मतं होती, पण मी आतून सुकतो आहे हे मला पहिल्यांदा सांगितलं ते वैरागडेजींनी, भर चौकात, पानठेल्यावरच्या आठ-दहा लोकांसमोर.

ते नागपुरात इतवारीच्या बाजारापाशी एका तेलगिरणीत केमिस्ट होते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमच्या शेजारच्याच घरात राहायचे. सायकलच्या हँडलला एक खादीची पिशवी कायम लटकलेली असे. त्या पिशवीत जवसाच्या ताज्या तेलाची तपकिरी बाटली, जुन्या छत्रीच्या काळ्या कापडात गुंडाळलेली. जवसाच्या तेलाला उजेड आणि हवा सोसत नाही, म्हणून तिला हा बुरखा. पिशवीला असा वास होता की वैरागडेजी गल्लीत शिरले आहेत हे सायकलची घंटी वाजायच्या आधी कळायचं. नवीन रंगवलेलं दार आणि भाजलेली जवसाची चटणी यांचं लग्न लावलं तर जे अपत्य होईल, तो वास.

त्यांचं प्रवचन मला तोंडपाठ होतं. "शरीर म्हनजे मोठा हुशार कारखाना जी. भाकरीची चरबी करते, साखरेची चरबी करते. पन दोन स्निग्धाम्लं त्याले काही केल्या बनवता येत नाहीत. ते बाहेरूनच आनावं लागतात. एक करडईत भेटते, दुसरं जवसात. कातडी म्हनजे विटांची भिंत अन् हे स्निग्धाम्लं म्हनजे दोन विटांच्या मधातला चुना. चुना झडला का पानी उडून जाते अन् मानूस भेगाळते. अन् निस्ती कातडीच नाही; डोकं, डोये, हृदय, सारं याच्याच भरवशावर चालू आहे."

"आणि वनस्पती तूप?" कुणीतरी मुद्दाम काडी लावायचं.

"ते नाव माह्यासमोर घेऊ नका! चांगल्या जित्या तेलात हायड्रोजन कोंबून त्याचं मढं करतात अन् डब्यात भरतात!"

एकदा कॉलनीतल्या एका लग्नात आम्ही आहेर करायच्या रांगेत उभे होतो. वैरागडेजींची पाळी आली. त्यांनी नवरदेवाचा हात हातात घेतला, आणि त्यांचा हात सवयीने पुढे सरकला. कोटाच्या बाहीतून कोपरापर्यंत पोचायला थोडी झटापट झाली. मग ते मोठ्याने म्हणाले, "पोरगा कोरडा आहे जी!"

मुलीचे मामा ताडकन उठले. "कोरडा म्हंजे? का लपवून ठेवलं आमच्यापासून?"

मुलीचा बाप वरबापाकडे पाहू लागला, वरबाप भटजींकडे, आणि भटजी वैरागडेजींकडे. मी मधे पडून मामांना समजावलं की नवरदेवात खोट नाही, त्याच्या आईच्या फोडणीत आहे. त्यावर नवरदेवाची आई उठली. तो प्रसंग कसा निभावला ते आठवलं की मला आजही घाम फुटतो. वैरागडेजी मात्र निवांत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवरदेवाच्या घरी जवसाच्या चटणीची बरणी पोचवली, आणि ती संपल्यावर त्या घरून दुसरी मागायला माणूस आला, हेही सांगितलं पाहिजे.

पण हे वेड मुळात आलं कुठून, हे आम्हा शेजाऱ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या पत्नी विमलवहिनी विहिरीच्या ओट्यावरून पडल्या आणि कंबरेखालचं अंग गेलं. तेव्हापासून त्या खिडकीजवळच्या पलंगावर. डॉक्टरांनी वैरागडेजींना बाजूला घेऊन एवढंच सांगितलं होतं, "कातडी सांभाळा. पाठीला, टाचेला, कोपराला एकदा जखम झाली तर ती भरायची नाही. पुढचं सगळं कठीण आहे."

झालं. त्या दिवसापासून हा माणूस त्या कातडीवर पहारा देऊ लागला. सकाळी गिरणीत जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर करडईचं तेल कोमट करून वहिनींच्या टाचा, पाठ आणि कोपरं चोळायची. वहिनी कोपरांवर भार देऊन उठायच्या, म्हणून कोपरांची धास्ती सर्वांत जास्त. दिवसा कूस वळवायला बाई ठेवलेली, पण दुपारी सायकल हाणत येऊन स्वतः खात्री करायची. नागपूरचा उन्हाळा कातडी भाजतो आणि हिवाळा ती फोडतो, पण वहिनींचं कोपर बाळाच्या गालासारखं. डॉक्टर यायचे आणि पाहतच राहायचे.

वहिनींची जीभ मात्र कंबरेखाली नव्हती. ती शाबूत होती.

"भाऊजी," मला म्हणायच्या, "नाश्त्याले जवस, जेवनात जवस. आता पाऊस पडला का मले अंकुर फुटतीन पाहा!"

वहिनींचा जीव अडकलेला होता बालूशाहीत, तीही वनस्पतीत तळलेल्या, पाकाने चकाकणाऱ्या. त्या घरात ती येणं अशक्य होतं, म्हणून आमच्या घरात एक कट शिजला. माझी बायको सुधा दर दोन-चार दिवसांनी इतवारीतून बालूशाही मागवायची. संध्याकाळी तेल चोळून झालं की वैरागडेजी "चक्कर मारून येतो" म्हणून बाहेर पडत. ते कोपऱ्यावर वळले की सुधा पदराआड पुडा घेऊन शिरायची.

"आन वं लवकर! गेले का?"

"गेले. पण वहिनी, चादरीवर सांडू नका."

मग दोघी पोरींसारख्या खिदळायच्या. जाण्याआधी सुधा चादर झटकायची, कागदसुद्धा आपल्या घरी आणून जाळायची. ज्या माणसाला चौकातून माझं कोपर दिसतं, त्याला हे दिसत नाही याची मला मोठी गंमत वाटे.

पुढे सुधा आमच्या मुलीच्या बाळंतपणासाठी यवतमाळला गेली. तिच्याबरोबर तो कटही गेला. वहिनी हळूहळू गप्प झाल्या. जवसाची तक्रारसुद्धा करेनात. ताट अर्धं परत यायचं.

एका संध्याकाळी वैरागडेजी माझ्या दारात उभे. त्यांनी माझ्या कोपराकडे पाहिलंही नाही, तेव्हाच मला धसका बसला.

"देशकरजी, तिची कातडी ठीक आहे जी," ते म्हणाले, "पन ती नाही."

त्यांनी हँडलवरच्या पिशवीत हात घातला आणि एक पुडा काढला. कागदातून पाक पाझरत होता. बालूशाही! मी पुडा हातात घेतला. त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"अजी, मी रोज तिचे कोपरंच तर पायतो. त्याले पाक लागून राहते." मग पिशवीचं तोंड बांधत, "म्हनून तर मी चक्कर माराले जातो. नाही तर मले कुठं जायचं आहे?"

"मग आता तुम्हीच द्या की."

"मी कसा देऊ जी? मी देलं तर ते औषध होते. तुमी देलं तर चोरी होते. तिले चोरी पायजे जी. ह्या पलंगावर तिच्याजवळ दुसरं काय उरलं आहे?"

ते चक्कर मारायला निघून गेले. पदर नसल्यामुळे मी पुडा सदऱ्याखाली दडवला आणि वहिनींच्या पलंगापाशी गेलो. "वहिनी, घ्या पटकन. सुधाने सांगून ठेवलं होतं, मीच इतवारीतून आणली."

वहिनींनी पुडा उघडला. तोंडाशी नेला आणि तशाच थांबल्या. पुड्यातून खोलीभर त्या पिशवीतला जवसाचा वास पसरला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या सगळ्या एकादश्या शोधू लागलो.

"तुमीच आनली, भाऊजी?"

"हो."

"बरं."

त्यांनी डोळे मिटून एकेक घास चावत अख्खी बालूशाही खाल्ली, मग दुसरी. मी पाण्याचा पेला पुढे केला आणि त्यांची बोटं पुसायला टॉवेल उचलला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. बोटाला लागलेला पाक त्यांनी नीट गोळा केला, हात दुमडला आणि कोपराच्या अगदी टोकावर तो लावून घेतला.

"ह्यायले घरी येऊ द्या," त्या हसून म्हणाल्या. "पायतीन."