पुरावा जागचा हलवू नये

शेजारच्या शिंपीणबाईंची तांबडी कोंबडी तिसऱ्यांदा अभ्यासिकेत शिरली, तेव्हा निवृत्त ग्रंथपालांनी तिला हाकलले नाही. त्यांनी घड्याळ पाहिले आणि वहीत नोंद केली: दहा वाजून सात मिनिटे, विनापरवाना प्रवेश.

तेहतीस वर्षे ते एक विषयसूची रचत होते. अकरा हजार कार्डे, बारा लाकडी खण. महिनाअखेरीस छापखानेवाला ती घेऊन जाणार होता, आणि तोवर ग्रंथपालांना पाच मिनिटे एका जागी बसवत नव्हते. ते अंगणात येरझाऱ्या घालत. कुंपणाखालून आलेल्या चार कोंबड्या आणि एक कोंबडा त्यांच्यामागून येरझाऱ्या घालत. मुक्त संचार हा प्राणिमात्रांचा हक्क आहे, असे शिंपीणबाईंचे मत होते. असली उदार मते नेहमी दुसऱ्याच्या अंगणात अमलात येतात.

"काका, त्रास होत असेल तर सांगा हो," बाई कुंपणापलीकडून म्हणाल्या. "नुसतं हुश्श केलं तरी पळतात."

"तोंडी तक्रारीला अर्थ नसतो, बाई. लेखी देईन. पुराव्यासकट."

"अगंबाई! कोंबडीवर खटला?"

"कोंबडीवर नाही. तुमच्यावर."

पुरावा गोळा करायचा तर गुन्ह्यात व्यत्यय आणून चालत नाही. म्हणून दार उघडे राहिले. दुसऱ्याच दिवशी तांबडीने 'क'च्या अर्ध्या रिकाम्या खणात अंडे घातले. ग्रंथपालांनी त्यावर पेन्सिलीने तारीख टाकली, सही केली आणि अंडे होते तिथेच ठेवले. बारा दिवसांत अशी नऊ अंडी जमली, सारी तारीखवार. अंडी न उचलता एका जागी साठू दिली की कोंबडी पुढे काय करते, हे मात्र त्या अकरा हजार कार्डांपैकी एकावरही लिहिलेले नव्हते.

तेराव्या दिवशी तांबडी खणात बसली ती उठेचना. हात पुढे करताच तिने पिसे फुलवली आणि चोच मारली. ग्रंथपालांनी चिठ्ठी पाठवून बाईंना पाचारण केले.

बाईंनी खणात डोकावून कपाळावर हात मारला. "खुडूक झालीय ही! आणि मी इकडे रोज गवत धुंडाळतेय अंड्यांसाठी. उचलली का नाहीत, काका?"

"पुरावा जागचा हलवायचा नसतो."

"मग आता खरंच हलवू नका. पिल्लं निघेपर्यंत, एकवीस दिवस."

"एकवीस? आजपासून पंधराव्या दिवशी छापखानेवाला दारात येणार! तिच्याखाली माझा 'क' आहे!"

"मग नेते टोपलीत घालून. नव्या जागी बसेलच असं नाही, अंडी गार पडतील. तुम्ही म्हणाल तसं."

ग्रंथपालांनी खण होता तसाच राहू दिला. नऊही अंड्यांवर त्यांचीच सही होती.

वही चालू राहिली. फक्त 'अपराध' या रकान्याचे शीर्षक खोडून तिथे 'प्रकृती' असे लिहिले गेले. दहा पंधरा: पाणी प्यायली. दहा एकोणीस: परत बसली. दहा वीस: बसलेलीच.

छापखानेवाला ठरल्या दिवशी आला. अकरा खण गाडीत चढवून तो बाराव्याकडे वळला.

"हात लावू नका! पंधरावा दिवस आहे."

"साहेब, 'क'शिवाय सूची कशी छापू? आज नाही दिलंत तर पुढची पाळी वर्षानं. तेहतीस वर्षं थांबलात ना यासाठी?"

"थांबलो ना? मग सहा दिवसांचं काय घेऊन बसलात?" ग्रंथपाल म्हणाले. "अकराही खण उतरवा. आवाज न करता."

गाडी गेली. त्यांनी दार हळूच लोटले. तोच शेजारी शिवणयंत्राची खडखड सुरू झाली आणि तांबडीने मान ताठ केली. ग्रंथपाल अनवाणीच कुंपणापाशी धावले. हातात पहिल्यांदाच कागद नव्हता.

"बाई, मशीन जरा बंद ठेवता का? ती दचकते."

बाईंनी दाताने दोरा तोडला.

"लेखी द्या, काका. पुराव्यासकट."