दळवीचं ॲपर्टनंट

मुलुंडला वडापावच्या गाडीवर जादा चटणी द्यायला गाडीवाल्याने कुरकुर केली, की आमचा दळवी कायद्यावर येतो. "चटणी वड्याला ॲपर्टनंट आहे. वडा विकलास तेव्हाच ती माझी झाली."

दळवी माझा शेजारी. उभा जन्म एका सॉलिसिटरकडे खरेदीखतं टाइप करण्यात गेला आणि रिटायर होताना हा एक शब्द तो घरी घेऊन आला. मूळ मालमत्तेला चिकटून असलेला, वेगळा मागावा न लागणारा हक्क म्हणजे ॲपर्टनंट. घर घेतलं, की घरापर्यंतची वाट आलीच. माझ्या मुलाच्या लग्नात त्याने आम्हाला बजावलं, "सुनेबरोबर तिची मांजर येणार. ॲपर्टनंट आहे." मांजर आली. अजून आहे.

"भावजी, आणि ह्यांचं घोरणं?" माझ्या बायकोने एकदा विचारलं.

"तेही, वहिनी. ते आधी बघून घ्यायचं असतं."

मग सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. नवे फ्लॅट चिठ्ठ्या टाकून मिळणार होते. सगळ्यांच्या सह्या होत आल्या, दळवी मात्र अडून बसला. मी सेक्रेटरी. "त्याला जादा कार्पेट एरिया पाहिजे," असं न विचारताच मी सभेत सांगून टाकलं. लोकांनी त्याच्याशी बोलणं सोडलं. अजूनही ते तसंच समजतात, म्हणून हे लिहितोय.

शेवटी बिल्डरच्या वकिलाने आम्हा दोघांना बोलावलं. "काका, किती फूट वाढवून हवेत?"

"फूट नकोत. हा शेजारी हवा." दळवीने माझ्याकडे बोट दाखवलं.

"असं ॲग्रीमेंटमध्ये नाही लिहिता येत हो."

"का नाही? बायको गेल्यापासून रोज पहाटे मी मधली भिंत ठोकतो. हा उलट ठोकतो. म्हणजे दोघंही आहोत. मग मी चहा ठेवतो."

मी मान वर केली नाही. हा पहाटे उठून खिळे ठोकतो, अशी माझी समजूत. झोपमोड झाली म्हणून मी चिडून उलट ठोकायचो.

"सेक्रेटरीसाहेब, तुम्ही तरी समजवा ना यांना," वकील हसत म्हणाला.

"आमचे फ्लॅट लागून असतील असं लिहा," मी म्हटलं. "नाहीतर माझीही सही नाही."

"तू कशाला मध्ये पडतोस रे?" दळवी म्हणाला आणि चष्मा पुसत बसला.

दुसऱ्या दिवशी पहाटे, त्याची थाप पडायच्या आधीच, मी उठून भिंतीशी बसलो होतो.