सुमन, जेवलीस का?

जे पत्रक तुमच्या आईला वाचता येत नाही, ते तुम्ही कोणासाठी छापता?

हा प्रश्न भालेराव काका आम्हा वस्तीतल्या कार्यकर्त्यांना दर पत्रकाला विचारतात. अंबरनाथला बुवापाड्यात, घराच्या पुढच्या खोलीत, त्यांचं टाइपसेटिंगचं दुकान आहे. कॉम्प्युटर एकच. तो सुरू होईपर्यंत काकांचा चहा उकळून, गाळून, पिऊनही होतो. कारण मशीनमध्ये फॉन्टच फॉन्ट. कुठे नवं अक्षर दिसलं की काका फ्लॉपी घेऊन हजर. घरी आणून ते मशीनमध्ये चढवायचं, प्रोग्राम उघडायचा आणि त्यात एकच वाक्य टाइप करायचं : 'सुमन, जेवलीस का?'

मला वाटायचं, सवय असेल. कोणी सही करून पेन बघतं, तसं.

माझा मजकूर नेहमी पेटलेला. प्रत्येक ओळ जाड, प्रत्येक ओळीला उद्गारचिन्ह.

"ओरडतोस कशाला? कागद बहिरा नाही," असं म्हणत काका माझी उद्गारचिन्हं खुडून टाकतात. मी घाई केली तर, "क्रांती चहापुरती थांबते रे."

एकदा मात्र थांबायला वेळच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याचा मोर्चा, आणि पत्रक जुळवताना फॉन्टची यादी उघडली की मशीन गोठायचं. उल्हासनगरहून सिंधी मेकॅनिक आला. बघून म्हणाला, "साईं, आधे फॉन्ट उडा दो. मशीन भागेगी."

"नाही जमणार."

मी भडकलो. "काका, वस्तीत हंडे कोरडे आहेत आणि तुम्ही नक्षी जपताय? यातले निम्मे तर तुम्ही वापरतही नाही!"

"नाही वापरत," काका शांतपणे म्हणाले. "सुमन माझी बायको. चाळिशीत, विहारातल्या वर्गात वाचायला शिकली. नवा फॉन्ट आला की मी हे वाक्य टाकायचो, ती इथं बसून वाचायची. एका दमात वाचलं की फॉन्ट पत्रकाला पास. अडखळली की म्हणायची, 'असू द्या, उद्या वाचीन.'" ते पडद्याकडे बघत राहिले. "ती गेली. हे उद्याचे राहिले."

मेकॅनिकने माऊसवरचा हात काढून घेतला.

मग काकाच त्याला म्हणाले, "वाचलेले काढ. ते तिला येत होते."

धंद्याचे सगळे फॉन्ट गेले. एकच ठेवला, तिने पहिल्यांदा न अडखळता वाचलेला. आमचं पत्रक त्यातच निघालं. सकाळी नळावर बायका ते मोठ्याने वाचत होत्या, एकमेकींना ऐकवत होत्या, आणि हंडे घेऊन तशाच मोर्च्यात आल्या.

काका आले नाहीत. ते नवी फ्लॉपी चढवत बसले होते.

तुम्ही कधी त्यांच्याकडे काम घेऊन गेलात, तर मशीन सुरू होईपर्यंत घाई करू नका. शेजारच्या खुर्चीवर बसा. पडद्यावर ते वाक्य उमटेल, ते मोठ्याने वाचा. अडखळलात तरी चालेल. आणि मग तेवढं विचारा : काका, तुम्ही जेवलात का?