नारळाखालचा कोपर

डिझाइन रिव्ह्यूच्या तयारीची पहिली बैठक कॉलेजच्या कँटीनमध्ये भरली, आणि पाहुण्यांना शाल द्यायची की नुसता हार, या मुद्द्यावर दुपारपर्यंत चालली. रोबोटचा विषय निघालाच नाही. तो भुजंग काढणार होता, पण त्याची पाळी येईपर्यंत चहा संपला.

भुजंग, देवानंद आणि प्रभावती जालन्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते आणि कापूस वेचणारा रोबोट बनवणार होते. रोबोट अजून कागदावर होता, आणि कागद भुजंगचा होता. त्याची माय सगुणाबाई अंतरवाली सराटीत जन्मभर कापूस वेचत आलेली. बोंडाची टोकं लागून तिची बोटं कायम ओरखडलेली असत. भुजंगनं वर्षभर खपून रोबोटचा हात काढला होता, पण त्या हाताचा कोपर त्याला पटत नव्हता.

विचारायचं कुणाला? कॉलेजातले सर चित्र बघून "छान" म्हणत. देवानंद न बघताच "एक नंबर" म्हणे. घरी मायला सांगायला जावं, तर ती "जेवला का?" म्हणून विचारी. छान या शब्दाचा भुजंगला वीट आला होता. रोबोटसाठी पत्रा कापायच्या आधी कुणीतरी त्या कागदावर बोट ठेवावं, हे असं का, म्हणून विचारावं, यासाठी त्याचा जीव तळमळत होता.

म्हणून त्यानं तातेराव गाढे साहेबांना गळ घातली. साहेबांची हयात पुण्यात यंत्रं बनवण्यात गेली होती आणि आता ते शहागडला, आपल्या गावी, येऊन राहिले होते. ते लगेच हो म्हणाले. भुजंग त्या रात्री नीट झोपला.

पण व्यवस्था देवानंदकडे होती. त्याच्या वडिलांचा मस्तगडला मंडपाचा धंदा, त्यामुळं कार्यक्रम करायची त्याला एकच तऱ्हा ठाऊक होती.

"पाहुणा आला अन् डायरेक्ट कागद दाखवायचा? बरं दिसतं का ते?" तो म्हणाला.

"अरे, कागद बघायलाच तर बोलावून राह्यलो ना त्यांना," प्रभावती म्हणाली.

देवानंदनं तिला स्वागतगीत बसवायला सांगितलं.

पाहुण्यांचा सत्कार म्हटल्यावर प्राचार्यांचा आलाच. प्राचार्यांचा म्हटल्यावर संस्थेच्या अध्यक्षांचा. अध्यक्षांकडं नेमके व्याही मुक्कामाला आलेले, आणि व्याह्यांना वगळण्याची हिंमत कोण करणार? व्याह्यांना शाल मिळणार हे कळल्यावर विभागप्रमुख रुसले, म्हणून मग त्यांनाही एक. आता ज्याला शाल त्याचे दोन शब्द आले, आणि आपल्याकडं दोन शब्द दोनावर कधी थांबलेत? रिव्ह्यू आधी चहाच्या पुढं गेला, मग आभाराच्या पुढं.

कार्यक्रमाच्या दिवशी भिंतीवर ‘सहर्ष स्वागत’चा फलक लागला, त्यामुळं भुजंगचा कागद लावायला जागा उरली नाही. टेबलावर घालायचं कापड एका लग्नात अडकलं होतं. देवानंदनं भुजंगची गुंडाळी उचलली आणि टेबलावर पसरून टाकली.

"बराबर साहेबांच्या डोळ्यासमोर राह्यला का न्हाई?" तो म्हणाला. त्यावर लगेच हारांची ताटं आली, शाली आल्या, नारळ आले.

भुजंग दाराशी उभा राहून बघत होता. गाढे साहेब मान खाली घालून बसले होते. त्यांना झोप लागली असावी, असं सगळ्यांनाच वाटलं, आणि व्याह्यांचं भाषण चालू असल्यामुळं कुणी दोष दिला नाही. शेवटी देवानंदनं माईकवाल्यापासून सगळ्यांचे आभार मानले, तोवर साहेबांच्या, शहागडवरून जाणाऱ्या बीडच्या गाडीची वेळ झाली होती. साहेबांनी हात जोडले आणि ते निघून गेले.

भुजंगला रडू आलं. मग त्यानं नारळ बाजूला सारून कागद ओढला आणि स्टँडकडं पळत सुटला. गाडी हललेली असताना त्यानं दांडी धरली.

साहेबांनी खांद्यावरची शाल काढून जागा करून दिली. "बस. मला आधी एक सांग. त्या नारळाखाली काय होतं?"

भुजंगनं कागदाची गुंडाळी सोडायला घेतली.

"अरे, सगळा हात वाचला मी, उलट्या बाजूनं. नेमका कोपरावर नारळ. उचलावा म्हटलं, तर समोर व्याही उभे." साहेबांचा आवाज खाली आला. "नोकरी सुटल्यापासून शाली लई मिळाल्या. काम कुणीच दाखवलं न्हाई रे. मी आज त्याच्यासाठी आल्तो."

दोघांच्या मांडीवर कागद पसरला. कोपरावर ओल्या नारळाचा गोल डाग पडला होता. साहेबांनी त्यात बोट ठेवलं. पट्टी इतकी बारीक का? वजन कुठं जातं? भुजंग सांगत गेला, अडत गेला. अंबड आलं आणि गेलं.

"हा इथंच मोडंल. पहिल्याच झाडाला," साहेब म्हणाले.

"मोडंल ना?" भुजंगचा चेहरा उजळला. "मलाबी तेच वाटून राह्यल्तं साहेब."

घरी जायला वडीगोद्रीला त्याला उतरायचं होतं, ते राहूनच गेलं. तो शहागडला साहेबांबरोबर उतरला, तिथं चहाच्या टपरीवर कोपर कागदावर पुन्हा काढला आणि जीपला लोंबकळत घरी आला.

सगुणाबाई भाकरी थापत होती. "काय म्हणले साहेब?"

"मोडंल म्हणले."

"मंग हसून कामून राह्यला?"

"त्यांनी विचारलं माय. एकेक गोष्ट विचारली."

सगुणाबाईनं भाकरीची टोपली बाजूला सारली, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "बघू, आण इकडं."

त्यानं चुलीपुढं कागद पसरला. ती वाकली. तिचं ओरखडलेलं बोट कोपरावरून सावकाश खाली गेलं आणि टोकाशी थांबलं.

"ही बोटं व्हय याची? अन् याला लागत न्हाई का रे?"

भुजंगनं पहिल्या बोटापासून सांगायला सुरुवात केली आणि ती ऐकत राहिली, मधून मधून विचारत राहिली. त्या संध्याकाळी "जेवला का?" म्हणायचं तिच्या ध्यानातच आलं नाही.

आणि नेमका त्याच दिवशी तो उपाशी होता. नाश्त्याच्या प्लेटी सत्कारमूर्तींनाच पुरल्या होत्या.